मिठाची गुळणी

धुळवडीचा रंग अंगावरून उतरतो न उतरतो तोच, मंगळवारी २६ मार्च २०२४ ला लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हिरव्या रंगाचे एक नवे दालन उघडले. विषय ऊर्जाक्रांतीचा. कोळसा आणि तेल न जाळता जगाची विजेची भूक कशी भागवायची, हे तिथे मांडले आहे. प्रवेश मोफत आहे. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर धावलेली विजेची टॅक्सीही पाहायला मिळते. आणि दालनाच्या नावातच प्रायोजकाचे नाव आहे : अदानी ग्रीन एनर्जी. आपल्याकडे तेव्हा लोक राजकीय पक्षांना देणग्या देणाऱ्यांच्या, निवडणूक रोख्यांच्या याद्या चाळण्यात गढलेले असल्याने या उद्घाटनाची फारशी चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी. पैसा देणारा आणि घेणारा यांच्यात बंद दाराआड काय ठरते, हाच प्रश्न इथेही आहे.

योगायोग असा की त्याच मंगळवारी लेहमध्ये सोनम वांगचुक यांनी २१ दिवसांचे उपोषण संपवले. पाणी आणि मीठ एवढ्यावर, उघड्यावर, शून्याखालच्या थंडीत. हिमालयातले बर्फ आटते आहे, लडाखच्या जमिनीचे निर्णय लडाखबाहेर होत आहेत आणि राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचे संरक्षण देण्याचे आश्वासन विसरले गेले आहे, हे सांगायला या अभियंत्याला ना दालन लागले ना प्रायोजक. त्यांच्यासोबत रात्री थंडीत शेकडो माणसे झोपत होती. विज्ञान जाणणारा माणूस लोकांना उठवून बसवतो तो असा. पर्यावरणाबाबत लोकांना कृतीस प्रवृत्त करणे हे आपले ध्येय असल्याचे हल्ली प्रत्येक मोठे संग्रहालय सांगते. लंडनच्या या संग्रहालयाला ते जमणार नाही, कारण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली आहे.

व्यवस्थापनाचा खुलासा ठरलेला आहे. पैसा अदानी समूहाच्या सौर आणि पवन ऊर्जा कंपनीचा आहे, मजकुरावर संपादकीय ताबा आमचा आहे, आणि ज्यांच्याकडे भांडवल आहे त्यांना सोबत घेतल्याशिवाय ऊर्जेचे संक्रमण होणार नाही. कच्छमधल्या खावड्यात हाच समूह प्रचंड सौर प्रकल्प उभारतो आहे, हे खरेच आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये जगभरचा विरोध डावलून कारमायकेलची कोळसा खाण याच समूहाने काढली. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यात आदिवासी गावे ज्या खाणींविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आहेत, त्या चालवण्याचे कंत्राट याच समूहाकडे आहे. आणि लंडनपर्यंत जायचे तरी कशाला? आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला याच समूहाचे ३३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. त्यासाठी कोळसा यायचा होता ताडोबा व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या जंगलातून. चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले, उपोषणे झाली, आणि जानेवारी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला त्या खाणीची प्रक्रिया थांबवावी लागली. लोकांनी कोळसा अडवल्याचा इतका चांगला दाखला या दालनात कुठल्या भिंतीवर लागेल? हिरवी कंपनी वेगळी आणि काळी वेगळी ही विभागणी ताळेबंदात चालते. हवेत चालत नाही.

हे सगळे संग्रहालयाला माहीत नव्हते असेही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये या देणगीची घोषणा झाली, त्याच महिन्यात हॅना फ्राय आणि जो फॉस्टर या दोन विश्वस्तांनी राजीनामे दिले. फ्राय या गणितज्ञ आणि ब्रिटनमधल्या घराघरांत ओळखीच्या विज्ञानप्रसारक. अशा देणग्यांमुळे खनिज इंधन कंपन्यांचे सध्याचे प्रयत्न पुरेसे आहेत आणि शास्त्रज्ञांनाही तसेच वाटते, असा खोटा समज पसरतो, हे त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात सल्लागार मंडळ सोडले ते ख्रिस रॅप्ली यांनी. हे गृहस्थ हवामानशास्त्रज्ञ, ब्रिटनच्या अंटार्क्टिक संशोधन संस्थेचे माजी प्रमुख, आणि खुद्द याच संग्रहालयाचे माजी संचालक. पुढच्या महिन्यात चाळीसहून अधिक शास्त्रज्ञ आणि अभ्यासकांनी पत्र लिहून सहकार्य थांबवले. ज्यांच्या जिवावर विज्ञानाचे संग्रहालय उभे राहते ती माणसे एकामागून एक बाहेर पडली, आणि संग्रहालयाने दालनाचे काम चालू ठेवले. याला निर्लज्जपणा म्हणतात.

त्याच वर्षी, २०२१ च्या उन्हाळ्यात, शेल कंपनीच्या पैशावर कार्बन पकडण्याच्या तंत्रावरचे प्रदर्शन याच इमारतीत भरले होते. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराखाली त्याचा करार मिळवला. प्रायोजकाच्या नावलौकिकाला बाधा येईल असे कोणतेही विधान संग्रहालय करणार नाही, असे कलम त्यात होते. हवामान बदलावरचे प्रदर्शन भरवायचे आणि तेल कंपनीला उणा शब्द बोलणार नाही हे लेखी द्यायचे! नव्या दालनाच्या करारात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. पण असे कलम एकदा मान्य केलेल्या संस्थेने संपादकीय स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत.

मुद्दा आहे तो नाव घेण्याचा. लोक भित्तिपत्रके पाहून हलत नाहीत. अमुक गोष्टीने तमुक नुकसान होते आहे आणि ती अमुक जण करतो आहे, हे विश्वासाच्या ठिकाणाहून कळले की हलतात. संग्रहालयांना ही ताकद त्यांच्या कपाटांनी दिली आहे. ब्रिटनमध्ये जुन्या हौशी मंडळींनी गोळा केलेली पक्ष्यांची अंडी खणांत पडून होती. निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी ती अंडी मोजली, तोलली, आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पातळ होत गेले आहे. डीडीटी या कीटकनाशकाचा वापर तेव्हाच सुरू झाला होता. घरट्यात बसलेल्या मादीच्या भाराने अंडी फुटत होती. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, त्यामागच्या पुराव्यांत पातळ झालेल्या कवचांचा वाटा मोठा होता. एखाद्या कीटकनाशक कंपनीच्या देणगीवर ते खण उघडले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

आपल्याकडचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. तिचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे मोजत होते, आणि गिधाडे संपत चालली आहेत हे त्या मोजणीतून पुढे आले. पुढे पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी २००४ मध्ये कारण शोधले : गुरांना टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. पांढऱ्या पाठीची गिधाडे १५ वर्षांत जवळपास ९९.९ टक्के घटली होती. मलबार हिलवरच्या पारशी दखम्यांत गिधाडे येईनाशी झाली ती याच काळात. शास्त्रज्ञांनी औषधाचे नाव घेतले, पर्यायी औषध सुचवले, सरकारच्या मागे लागले, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तिथेही न थांबता पाठपुरावा चालू राहिला. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. ‘पक्ष्यांवर प्रेम करा’ असा फलक लावून यातले काहीही झाले नसते.

आणि आपण करतो काय? विज्ञान केंद्रात सहलीला गेलेल्या मुलाला आपण सांगतो की दात घासताना नळ बंद कर आणि वाढदिवसाला एक झाड लाव. त्या मुलाने नळ बंद करावाच. पण त्याच्या शहराची हवा कोण बिघडवतो, खाडीत सांडपाणी कोण सोडतो, तिवरांवर भराव कोण टाकतो, याचे उत्तर त्याला तिथे मिळायला हवे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उचलून माहुलच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांशेजारी नेऊन टाकलेल्या कुटुंबांवर मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयाने दालन करावे. श्वसनाचे शास्त्र, रसायनशास्त्र आणि नागरिकशास्त्र एकाच खोलीत शिकून होईल.

पण ते बोलणार कोण? सरकारी शास्त्रज्ञांचे काय होते ते उत्तराखंडातल्या जोशीमठने दाखवले. जानेवारी २०२३ मध्ये तिथे घरांना तडे जात असताना, १२ दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचे उपग्रहचित्रांच्या आधारे इस्रोच्या केंद्राने सांगितले. लगेच तो अहवाल संकेतस्थळावरून गायब झाला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सर्व संस्थांना माध्यमांशी बोलायला मनाई केली. जमीन खचण्यापेक्षा ती खचल्याची बातमी आपल्या सरकारला अधिक धोक्याची वाटली. त्याआधी पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल असाच दाबला गेला. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला तो अहवाल लोकांपर्यंत यायला माहिती अधिकाराची लढाई लढावी लागली. लंडनमध्ये निदान तोंड बंद ठेवण्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे ते फुकटात होते.

संग्रहालयांविषयीची आपली आस्था किती, तेही दिल्लीत दिसते. १९७८ च्या पर्यावरणदिनी तिथे राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय सुरू झाले, तेही भाड्याच्या जागेत. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे ते जळून खाक झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनासोरच्या हाडापासून जतन केलेल्या प्राण्यांपर्यंत सारे गेले. मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे होत आली तरी, नवी इमारत उभी राहिलेली नव्हती. मंदिरे, पुतळे, संसद भवन यांच्या बांधकामाचा वेग पाहिलेल्या देशाला याचे कारण पैशाची टंचाई असे सांगू नये.

सायन्स म्युझियमने अदानी समूहाशी झालेला करार प्रसिद्ध करावा आणि दालनावरची पाटी उतरवावी. ते होईल तेव्हा होईल. इथल्या संग्रहालयांनी आणि विज्ञान केंद्रांनी मात्र आपल्या देणगीदारांची नावे आणि करारांच्या अटी आजच प्रवेशद्वारावर लावाव्यात. त्यांत काही काळेबेरे असेलच असे नाही, पण विचारणारे कोणी आहे हे कळले पाहिजे. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र सांस्कृतिक मंत्रालयाखालच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे आहे, म्हणजे माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे. वाचकांनी अर्ज करावेत. शुल्क १० रुपये आहे.