अपिलात माणूस लागत नाही का?



जर्मनीतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "इथे गुन्हेगारांचे फार लाड! डॉक्टरचा कागद आणला की खटला बंद. सगळं वेडाचं सोंग." या वाक्याची मला चीड येते.

एरिश मील्केचंच बघा. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, श्टाझीचा, हा प्रमुख. याचे लाड करावेत असं कुणाला वाटणार? 1931 साली बर्लिनमध्ये दोन पोलिस अधिकाऱ्यांचा खून केल्याबद्दल 1993 च्या ऑक्टोबरात त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. वय 85. अपील चालू असताना प्रश्न उभा राहिला, की या म्हाताऱ्याला काय चाललंय ते कळतं का? सोंग करतोय म्हणणारे तेव्हाही होतेच. 1995 साली वरिष्ठ न्यायालयांनी कसोटी ठरवली: या टप्प्यावर फक्त कायद्याचे मुद्दे तपासले जातात, म्हणून खटल्याइतकी समज लागत नाही; पण अपील चालवायचं की मागे घ्यायचं याबद्दल वकिलाशी बोलण्याइतकं भान हवंच. मील्के या कसोटीला उतरला, शिक्षा कायम झाली. लाड कुठे झाले? माझ्या मते तर ही कसोटी फारच सैल आहे. पण निदान प्रश्न विचारला गेला.

त्याच 1995 च्या जानेवारीत जर्मनीने देविंदरपाल सिंग भुल्लर यांना आश्रय नाकारून फ्रँकफुर्टहून भारतात परत पाठवलं. 1993 च्या दिल्ली बॉम्बस्फोटात नऊ माणसं मेली होती, तो खटला. मुख्य पुरावा पोलिसांपुढचा कबुलीजबाब, तोही नंतर नाकारलेला. 'टाडा'खाली तो चालत होता. 1997 साली फ्रँकफुर्टच्याच न्यायालयाने ती पाठवणी बेकायदेशीर ठरवली. वरातीमागून घोडं! 2001 साली फाशीची शिक्षा झाली. 2002 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. एम. बी. शहा यांनी भुल्लर निर्दोष असल्याचं मत दिलं, पण दोन विरुद्ध एक अशी फाशी कायम झाली. दयेचा अर्ज आठ वर्षं पडून राहिला. 2010 च्या अखेरीपासून हा माणूस दिल्लीच्या मनोरुग्णालयात होता, तरी 2011 साली अर्ज फेटाळला. 2013 साली न्यायालयाला आजाराची कागदपत्रं पुरेशी वाटली नाहीत. फाशी रद्द झाली ती 31 मार्च 2014 ला, उशीर आणि मानसिक आजार या कारणांवरून.

हा सगळा प्रकार न्यायाधीशांच्या मर्जीवर का चालावा? कारण कायद्यात भोक आहे. जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं कलम 329 काढून वाचा: आरोपीची मनःस्थिती तपासायची ती "मॅजिस्ट्रेट किंवा सत्र न्यायालयापुढे" खटला चालू असताना. जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, वसाहतवादी कायदे गेले म्हणून ढोल वाजले. तिच्या कलम 368 मध्येही तीच दोन न्यायालयं. उच्च न्यायालयातल्या अपिलाचा किंवा फाशी कायम करण्याच्या सुनावणीचा त्यात उल्लेखच नाही. तिथे फायली बोलतात, माणूस बोलला काय नि न बोलला काय!

2019 साली महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी टाळण्याचं कारण ठरू शकतो असं मान्य केलं. दोन लहान मुलींवर बलात्कार आणि खून, अंगावर काटा येणारा गुन्हा; आजारामुळे आरोपीचं नाव निकालात 'एक्स' एवढंच आहे. फाशी गेली, उरलेलं आयुष्य तुरुंगात. निकाल चांगलाच आहे. पण तोही फेरविचार याचिकेत, अगदी शेवटच्या पायरीवर आला, आणि शिक्षेपुरताच. आपलं अपील आरोपीला समजतंय का, हा प्रश्न तिथेही बाजूलाच राहिला.

"आणि मेलेल्यांचं काय?" असं कुणीतरी विचारणारच. त्यांच्या घरच्यांना 1993 ते 2014 एवढी वर्षं ताटकळत ठेवलं ते कुणी? मनोरुग्णाने खचितच नव्हे. ही तपासणी वेळेवर झाली असती तर हा घोळ पुष्कळ आधी मिटला असता.

माझी मागणी छोटी आहे. कलम 368 मध्ये "अपिलाच्या आणि फाशी कायम करण्याच्या सुनावणीतही" एवढे शब्द घालावेत. तपासणी तुरुंगाच्या डॉक्टरांनी नव्हे, बाहेरच्या मनोविकारतज्ज्ञांनी करावी आणि अहवाल आरोपीच्या वकिलाच्या हातात पडावा.