उंदरांची ‘जोडी’ विकू नका

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पांढरे उंदीर मागितले की पुष्कळदा जोडीच पुढे येते. लव्हबर्डची जोडी, तशी ही. एवढ्याशा जिवाचं करायचं ते काय, असं घेणाऱ्यालाही वाटतं. पण त्या जोडीत एक नर आणि एक मादी असली, तर पुढचं गणित सोपं आहे. मादीचं गाभणपण जेमतेम तीन आठवड्यांचं. एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात आणि व्यायल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सहा आठवड्यांत वयात येतात आणि भावंडांमध्येही प्रजनन सुरू होतं. बघता बघता पिंजऱ्यात दाटी होते, मुताच्या अमोनियाने हवा कोंदते, उंदरांना श्वसनाचे विकार जडतात. मग कुणीतरी पिंजरा मैदानाच्या कडेला रिकामा करून येतो. पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाल्लेला, लाल डोळ्यांना धड न दिसणारा पांढरा उंदीर तिथे मांजर-कावळ्यांच्या तोंडी जातो. ‘सोडून दिला’ हे समाधान आपलं, त्याचं नव्हे.

म्हणून नर-मादी ओळखून, वेगळे करूनच विक्री व्हावी. मग एकच का घेऊ नये? कारण मादी सोबतीने राहणारी आहे. दुसरीकडे, मोठे झालेले नर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. एका वेताच्या दोन-तीन माद्या, जाड अंथरूण, घरट्यासाठी कागदाचे कपटे आणि वेळच्या वेळी सफाई, एवढं त्यांच्या दीड-दोन वर्षांच्या आयुष्याला पुरतं. महापालिका उंदीर मारते, तिथे हे लाड कशाला, असंही कुणी विचारील. घुशी-उंदरांशी आपलं भांडण धान्याचं आणि लेप्टोस्पायरोसिसच्या रोगाचं आहे. पिंजऱ्यातला उंदीर मात्र माणसानेच पैदास करून विकायला आणलेला. हा छंदही कालचा नाही. रंगीत उंदरांच्या पैदाशीवर जपानमध्ये 1787 मध्येच पुस्तिका निघाली होती. आपल्याकडे 2018 च्या पेट शॉप नियमांत उंदीरवर्गीय प्राणीही येतात आणि दुकानाची नोंदणी सक्तीची आहे. त्या नोंदणीलाच नर-मादी वेगळे करून विकण्याची अट जोडता येईल. एवढ्याशा पिल्लाची तपासणी कोण करत बसणार, ही दुकानदाराची सबब टिकणारी नाही. तीन-चार आठवड्यांची दोन पिल्लं शेजारी धरून शेपटी उचलली की पुरे: जननेंद्रिय आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात स्पष्ट जास्त दिसतं.