पिंजरा लावण्यापूर्वी बिबट्या समजून घ्या!

खास प्रतिनिधी

डोळखांब : डोळखांबहून डेहण्याच्या वाटेला लागले की समोर आजोबा पर्वत उभा राहतो. वन्यजीव अभ्यासकांना मात्र 'आजोबा' या नावाने एक बिबट्या आठवतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला बाहेर काढण्यात आले आणि जीपीएस कॉलर बसवून माळशेज घाटात सोडण्यात आले. जंगलातला प्राणी जंगलात गेला, प्रश्न मिटला, असेच कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात आजोबा तेथे थांबलाच नाही. कसाऱ्याजवळचे लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, पुढे वसईची खाडी पोहून तो महिन्याभरात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. अंतर सुमारे 120 किलोमीटर. वाटेत त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

माळशेज ते कसारा हा पट्टा म्हणजे मुरबाड-शहापूरचा पूर्व भाग. डोळखांब याच पट्ट्यातले. त्यामुळे पकडलेले बिबटे कोठे सोडायचे, हा येथील पाड्यांच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न ठरतो.

2025 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अल्पावधीत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांचा उद्रेक झाला, बिबटे पकडून दूर न्या, ही मागणी जोर धरू लागली. घरातले मूल गमावलेल्यांचा संताप कोणीही समजू शकेल. मात्र या उपायाचा अनुभव आपण एकदा घेतला आहे, याचा विसर पडता कामा नये.

2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरातून मोठ्या संख्येने बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्यापूर्वी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर सरासरी 17 वर गेली. बिबटे सोडले त्या भागात हल्ले वाढले आणि जेथून उचलले तेथेही वाढले. कारण उघड आहे. बिबट्या स्वतःचा इलाखा राखून असतो. परक्या मुलखात सोडला की तो परतीची वाट शोधतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

'बिबट्या जंगलातला, वस्तीत दिसला म्हणजे वाट चुकला', ही आपली पिढीजात समजूत. सह्याद्रीपलीकडच्या अकोले तालुक्यातील अभ्यासाने ती खोटी ठरवली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, माणसांची दाट वस्ती असलेल्या शेतीपट्ट्यात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. ते तेथे वाट चुकून आलेले नव्हते, तेथेच राहत होते. उसाचा आडोसा आणि कुत्र्या-शेळ्यांचे खाद्य त्यांना पुरेसे होते.

जुने ते सारे चुकीचे, असाही याचा अर्थ नाही. ठाणे, पालघर व मुंबई उपनगर जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाच्या सुमारे दीडशे स्थानांची नोंद केली आहे. अनेक आदिवासी पाड्यांवर आजही वाघबारस पाळली जाते. वाघरू शेजारीच आहे, हे या परंपरेने गृहीत धरले आहे. अर्थात, केवळ श्रद्धेने मूल सुरक्षित होत नाही. त्यासाठी गोठ्याला भक्कम दार, घराजवळ शौचालय, वाटेवर दिवा, उघड्यावरच्या कचऱ्याचा बंदोबस्त आणि नुकसानभरपाई वेळेत मिळण्याची हमी हवी.

माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या जेरबंद करावाच लागेल. परंतु केवळ दिसला म्हणून पकडायचा आणि दुसऱ्या तालुक्यात सोडायचा, हा उपाय नव्हे. केंद्र सरकारच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनीही सरसकट स्थलांतराला पसंती दिलेली नाही. तरीही बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते. ती मान्य करण्यापूर्वी यंत्रणेने जुन्नरचे आकडे आणि आजोबाची वाट पुन्हा एकदा नकाशावर पाहावी. अन्यथा शिरूरचे संकट डोळखांबच्या दारात येऊन उभे राहील आणि शिरूरचेही टळणार नाही.