दोनच तर तोंडं!

मुलाखतीत पगाराचा विषय निघाला की आमच्यासारख्या एकट्या बायकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "घरी कोण कोण असतं?" मी सांगते, मी आणि माझी मुलगी. समोरच्या माणसाला एकदम हायसं वाटतं. "म्हणजे दोनच तोंडं! मग काय, भागेल की." २०२३ च्या मे महिन्यात पुण्यातल्या एका ऑफिसात हाच संवाद झाला आणि हिशेब लिहिण्याच्या कामासाठी मला महिना २२,००० रुपये देऊ केले गेले. त्याच कामावर सहा महिने आधी लागलेल्या गृहस्थांना २७,००० होते. का, तर त्यांना संसार आहे. बायको, दोन मुलं, म्हातारी आई. मला संसार नाही, फक्त मुलगी आहे!

बार्शीला मला ११,००० मिळत होते. त्यामुळे सगळे म्हणाले, "दुप्पट पगार, नशीब काढलंस." मीही तसंच समजत होते. आकडेमोड हा माझा धंदा, तरी बार्शीतल्या त्या ११,००० मध्ये काय काय धरलेलं नव्हतं हे मला पुण्यात आल्यावर कळलं. राहायला आईचं घर होतं. मुलीला शाळेतून आणायला, भरवायला, ताप आला तर रात्रभर उशाशी बसायला आई होती. या सगळ्याचं मोल आम्ही कधी केलं नाही, कारण ते करणारी बाई होती आणि ती आपली होती.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात अनामत ४०,०००, एजंटाचं एक भाडं ११,००० आणि टेंपोचे ९,००० असे ६०,००० गेले. मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या. त्यांचा एवढा उपयोग आधी कधी झाला नव्हता. घर मिळेपर्यंत चार ठिकाणी "मिस्टर काय करतात?" ऐकून घेतलं. मधल्या दोघांनी नकार दिला तो पैशासाठी नव्हे. एकट्या बाईच्या घरी कोण येतं-जातं यावर सोसायटीने लक्ष कसं ठेवायचं, ही त्यांची अडचण होती.

आणि मुलगी? तिला मी बार्शीलाच ठेवलं. जून ते पुढचा एप्रिल, दहा महिने. २२,००० मध्ये घरभाडं आणि पाळणाघर दोन्ही बसत नव्हतं, म्हणून एकाची निवड केली. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याच्या जोरावर शनिवारी संध्याकाळी जायचं आणि रविवारी दुपारी परतायचं. पहिले दोन महिने ती रडायची. मग रडायची थांबली, आणि मी निघाले की आजीकडे जाऊन बसायची. मला वाटलं सवय झाली. दिवाळीत आईने सांगितलं, "शाळेत कुणी विचारलं तर ती म्हणते, आई पाहुणी येते." इतरांना ही गोष्ट करुण वाटते. मला तिचा राग येतो, कारण हे पाच-सात हजारांच्या फरकामुळे घडलं होतं. पुण्या-मुंबईत एकटीने नोकरी करणाऱ्या किती जणींची मुलं आज आजीकडे, मावशीकडे, आश्रमशाळेत आहेत, हे आपल्या ओळखीच्या चार घरांत जरी विचारलं तरी कळेल.

'दोनच तोंडं' हा हिशेब त्या साहेबांनी शोधलेला नाही. तो फार वरून आला आहे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसं ठरवावं याचं सूत्र घालून दिलं. त्यात कामगाराचं कुटुंब तीन एककांचं धरलं. कामगार १, त्याची बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. पोषणतज्ज्ञ अॅक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे एककाला २,७०० उष्मांक, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडं, इंधन वगैरे. बायको आणि मुलं काही कमावत असतील तर ते धरायचं नाही असंही त्यात आहे आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी त्यात २५ टक्क्यांची भर घालायला सांगितली. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासूनचा १८,००० चा किमान पगार काढला तोही याच सूत्राच्या आधाराने.

आता त्या ०.८ कडे नीट बघा. ती जेवते किती एवढंच इथे मोजलं आहे. ती दिवसभर काय करते याची नोंद नाही. स्वयंपाक, धुणी, पाणी भरणं, मुलं, आजारपण, हे सगळं ०.८ माणसाच्या जेवणाच्या भावात कामगाराला मिळतं असं गृहीत धरून वेतन ठरतं. म्हणजे त्या २७,००० वाल्या गृहस्थांच्या पगारामागे एक पूर्णवेळ बिनपगारी माणूस उभं आहे. माझ्यामागे ते नाही. मला ते तासांवर विकत घ्यावं लागतं. आणि तरी सूत्र लावलं तर माझं कुटुंब भरतं १.६ एककांचं, त्यांच्या जवळजवळ निम्मं! तोंडं मोजणाऱ्यांना हात मोजायचं सुचलेलं नाही.

मधल्या काळात काही बदललं का? २०१९ साली डॉ. अनुप सतपथी यांच्या समितीने कुटुंब ३.६ एककांचं धरावं अशी शिफारस केली. पण २०२० साली वेतन संहितेच्या नियमांचा केंद्राचा मसुदा आला त्यात पुन्हा तीनच. 'बायको'च्या जागी 'जोडीदार' आला, आकडा तोच राहिला. त्याच मसुद्यात घरभाडं किती धरावं? अन्न आणि कपडे यांवरच्या खर्चाच्या दहा टक्के! माझा अन्न-कपड्याचा खर्च महिना ९,००० च्या आसपास, म्हणजे भाडं ९००. चौघांचं कुटुंब म्हणून दुप्पट करा, १,८००. धनकवडीत एवढ्यात स्कूटर लावायला जागा मिळाली तर मला कळवा.

मुलीला मी एप्रिल २०२४ मध्ये आणलं. आज आमचा महिन्याचा खर्च असा आहे. भाडं ११,०००, पाळणाघर ५,५००, शाळा आणि व्हॅन ४,५००, किराणा-दूध-भाजी ८,०००, गॅस-वीज-फोन १,८००, बसचा पास १,५००, औषधं १,५००. एकूण ३३,८००. यात कपडे नाहीत, शिल्लक नाही, आईला पाठवायचे पैसे नाहीत. पगार वाढत वाढत २९,००० झाला आहे, आणि दोन दुकानांच्या वह्या रात्री लिहून ६,००० मिळवते. त्या रात्री मुलगी एकटीच झोपते. न्यायालयाने मुलीसाठी महिना ५,००० ची पोटगी मंजूर केलेली आहे. ती वर्षातून तीनदा आली तर सण. कलम १२५ खालची पोटगीची ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ मध्ये उठली, पण वसुलीसाठी खेटे घालायचे ते रजा काढूनच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजनेत मी 'लाडकी'ही नाही, कारण माझं उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे!

तेव्हा कुणी मला विचारलं की मूल घेऊन एकट्या बाईने पुण्यात यायचं तर पगार किती हवा, तर मी सांगते, ४५,०००, आणि येताना हाताशी साठेक हजार. ऐकणाऱ्यांच्या भुवया वर जातात. चैन करायची आहे का? हो, करायची आहे. आजारी पडल्यावर दोन दिवस झोपून राहायची, रात्रीच्या वह्या बंद करायची, मे महिन्यात डझनभर हापूस आणायची. एकट्या आईने जगावं एवढं समाजाला मान्य झालं आहे, पण ती सुखात दिसली की लगेच शंका येते.

आपल्याच एका बैठकीत एका मैत्रिणीने मला अडवलं. म्हणाली, "पुरुषाला कुटुंब पोसायचं असतं म्हणून जास्त पगार, हा तर्क आपण वर्षानुवर्षं खोडला. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आता तू गरजेप्रमाणे पगार मागतेस?" प्रश्न रास्त आहे. पण मी एकटीसाठी जास्त मागत नाही. त्या गृहस्थांचे २७,००० मला मिळाले असते तरी मुलगी बार्शीलाच राहिली असती, एवढंच म्हणते. समान वेतन मागताना आपण पुरुषाचं वेतन हे माप मानलं, आणि ते माप घरात फुकट राबणाऱ्या बाईला धरून कापलेलं आहे हे विसरलो. किमान वेतनाच्या सूत्रात मुलं सांभाळण्याचा खर्च आणि खरं घरभाडं सगळ्यांसाठीच धरा. नाहीतर पाळणाघरं सरकारने चालवा, आणि ती संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आमच्या ऑफिसात एकतीस माणसं. पन्नासच्या आत असाल तर मूल तुमचं.

एक गोष्ट लिहायला जड जाते. आमच्या पाळणाघराच्या ताई नऊ मुलं सांभाळतात. त्यांनी मदतीला ठेवलेल्या मुलीला महिना सहा हजार देतात. तीही नवऱ्याने टाकलेली, तिचा मुलगा जामखेडला आजीकडे. माझी मुलगी माझ्याजवळ आहे ती तिचा मुलगा तिच्याजवळ नाही म्हणून, हे मला रोज सात वाजता मुलीची चप्पल शोधताना दिसतं. ४५,००० चा आकडा सांगताना तिचा पगार मी कुठे धरला आहे? नाही धरलेला. तो धरला तर पाळणाघराचे साडेपाच हजारांचे नऊ-दहा होतात.

ताईंनी जूनपासून पाचशे वाढवून मागितले आहेत. मी हो म्हटलं, आणि त्यातले किती त्या मुलीला देणार हेही विचारलं. ताई जरा गप्प झाल्या. सोमवारी मी साहेबांकडे वाढीचा अर्ज देणार आहे. कारणाच्या रकान्यात 'महागाई' लिहायची पद्धत आहे. मी 'पाळणाघर' लिहिलं आहे.