आधी किल्ला पायी फिरू या

बायबलमधला नहेम्या पडलेला तट बांधायला यरुशलेमेत पोचला तेव्हा त्याच्याकडे अर्तहशश्त राजाची पत्रे होती, लाकडाचा हुकूम होता, दिमतीला स्वार होते. तरी तो तीन दिवस काही बोलला नाही. मग रात्री मोजकी माणसे आणि एकच जनावर घेऊन खोरेवेशीतून बाहेर पडला. उकिरडावेशीवरून झरावेशीपर्यंत पडलेला तट, जळून गेलेल्या वेशी पाहत गेला. राजाच्या तळ्यापाशी जनावराला पुढे जायला वाटच नव्हती. ही फेरी झाल्यावरच त्याने तट बांधायला लोकांना हाक दिली. इ.स.पू. 445 चे ते काम 52 दिवसांत पुरे झाले.

वसईच्या किल्ल्यालाही आज अशीच फेरी हवी आहे. तटाच्या आत अख्खे शहर पडून आहे. सेंट जोसेफचा मनोरा उभा आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीतच कबरींच्या शिळा बसवल्या आहेत. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरे ऊनपावसाने पुसट होत चालली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती जरा उठून दिसतात, तेव्हाच फोटो घ्यावेत. वड-पिंपळाची मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरली आहेत. हौसेने ती उपटू नका, मुळाबरोबर दगडही निखळतो. भेगांत सिमेंट भरले तर ओल आतच कोंडते. दुरुस्ती पुरातत्त्व खात्याने करायची आहे. पडझडीची नोंद मात्र आपण करू शकतो, आणि ती आपणच केली पाहिजे.

यरुशलेमेत सोनार आणि अत्तरवाले तटावर राबले, शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींना घेऊन आला, कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. तसाच एकेक बुरूज, एकेक चर्च, एकेक देऊळ कोळीवाड्याने, धर्मग्रामाने, शाळेने वाटून घ्यावे. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, मापासाठी शेजारी टेप धरून फोटो काढावेत. तारखेसह वहीत लिहावे, एक प्रत खात्याला द्यावी. कुणाला इथे चिमाजी अप्पांचा 1739 चा विजय आठवतो, कुणाला वसईचे संत गोन्सालो गार्सिया. दोघांनीही यावे, एकट्याने हे व्हायचे नाही.

पाऊस उघडल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सा, आरती आटोपून किल्ल्यात या. टेप, वही, मोबाइल आणा. कोयता आणि घमेले घरी ठेवा.