रोव्हर घेतले, आता माणसं शिकवा

थोडं लांब लिहितोय, पण ज्यांचा बांधाचा वाद चालू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

परवा एका कार्यक्रमात एक पुढारी म्हणाले, "आता रोव्हरने मोजणी होते, ड्रोन आलेत, बांधाची भांडणं संपली समजा." टाळ्या पडल्या. मी वीसेक वर्षं तहसील, भूमी अभिलेख आणि दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय. भांडणं संपलेली नाहीत. फरक इतकाच की आता लोक मोजणीची 'क' प्रत हातात घेऊन भांडतात.

रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतो, मान्य. पण ती जागा जुळवायची कशाशी? इंग्रजांच्या काळातल्या मोजणीशी. ती झाली साखळीने. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. (आपला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा का? ३३ गुणिले ३३.) मग १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि किती ठिकाणी कागद एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याकडे असं होऊन बसलं. हे इतकं मुरलंय की २०२३ मध्ये सरकारला सलोखा योजना काढावी लागली. ताब्याप्रमाणे अदलाबदल करा, मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे कागद चुकलाय हे सरकारलाही ठाऊक आहे. यंत्र चुकीचा कागद अचूक दाखवेल, दुरुस्त नाही करणार.

आणि सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. मानायची फक्त! वडिलोपार्जित जमिनीत मुलींना बरोबरीचा हक्क राज्यात १९९४ ला मिळाला, देशात २००५ ला. किती बहिणींची नावं उताऱ्यावर आहेत, आपापल्या घरातच बघा. ड्रोनला ते वरून दिसत नाही.

हा सगळा गुंता सोडवायला शिकवणारा विषय जगात आहे. नेदरलँड्समधल्या एन्शेडे शहरात आयटीसी ही संस्था आहे, १९५० ची, आता ट्वेंटे विद्यापीठाचा भाग. तिथे भू-माहिती आणि जमीन प्रशासन पदव्युत्तर पातळीवर जोडीने शिकवतात. उपग्रह चित्रं, नकाशे, डेटाबेस हे तर आलंच. पण हक्क, कायदा, तंटे आणि कागदावर नसलेल्या वहिवाटीची नोंद कशी ठेवायची, हेही. गंमत बघा, डेहराडूनची आयआयआरएस १९६६ मध्ये डच सहकार्यानेच उभी राहिली. आज ती इस्रोकडे आहे. हवाई फोटो वाचायची विद्या आपण तिकडून घेतली, हक्क वाचायची मात्र तालुक्यापर्यंत पोचलीच नाही.

आपल्याकडे भूकरमापकाला सिव्हिलचा डिप्लोमा, नाहीतर दहावी आणि आयटीआय सर्व्हेअर लागतं. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. उन्हात उभं राहून दोन्ही भावांच्या शिव्या तेच खातात. पण शंभर वर्षांपूर्वीचं टिपण, फाळणी, गट नकाशा आणि आजचा ताबा यांत चूक नेमकी कुठल्या कागदात आहे, हे ठरवायला त्यांना शिकवलंय कुणी? दुसरीकडे पुण्यात जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. होते. माझ्या ओळखीतली तीन पोरं ती करून कंपनीत बसलीत, परदेशातले रस्ते नि पाइपलाइनी आखतात. त्यांचं काय चुकलं? गावात त्यांना काम कोण देतंय?

एक साहेब मला म्हणाले, "एम.एस्सी. झालेला बांधावर येईल का हो?" अहो, प्रत्येक बांधावर नकोच आहे. जिल्ह्याला दोन-तीन द्या. रोव्हर शेतात जाण्याआधी त्यांनी जुने कागद जुळवून द्यावेत. नाहीतर तेच काम कोर्ट पंधरा वर्षांनी करतं, तोवर वादी गेलेला असतो आणि वारस लागलेले असतात.

मागणी सरळ आहे. आपल्या विद्यापीठात जमीन प्रशासनाची पदव्युत्तर पदवी सुरू करा, शिकवणं मराठीतून, एक सत्र भूमी अभिलेख कार्यालयात काम. आणि भरतीच्या नियमांत तिच्यासाठी पद ठेवा, नाहीतर ही पोरंही पुण्यालाच जाणार.

सोमवारी पालकमंत्र्यांना निवेदन देतोय. सही करायची असेल त्यांनी रविवार संध्याकाळपर्यंत कळवा. येताना आपल्या गटाचा घोळ एका कागदावर लिहून आणा, निवेदनाला जोडायचाय.