पिंजरा कोणाच्या सोयीचा?

प्राणिसंग्रहालयात वाघाच्या आवारासमोर उभे राहून ‘वाघ दिसतच नाही, तिकिटाचे पैसे फुकट गेले!’ असे आपण कधी तरी म्हटले असेल. मीही म्हटले आहे. आता मात्र मला वाटते की, वाघ न दिसणे हा त्या आवाराचा दोष नसून गुण असू शकतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक उदाहरण पाहा. १९३४ साली बर्थोल्ड ल्युबेटकिन या वास्तुशिल्पज्ञाने तेथे पेंग्विनांसाठी तलाव बांधला. लंबवर्तुळाकार हौद आणि त्यावर एकमेकींना वळसा घालत उतरणाऱ्या, मधे कोठेही खांब नसलेल्या काँक्रीटच्या दोन वाटा! त्यांवरून पेंग्विन डुलत डुलत उतरत, तेव्हा प्रेक्षक खूष होत. पण पेंग्विनांच्या उघड्या पायांचे काय? कठीण काँक्रीटवर चालून त्यांच्या तळव्यांना बारीक जखमा होत आणि त्यांत जंतू शिरत. अखेर २००४ साली त्यांना तेथून हलवले. तलाव संरक्षित वास्तू म्हणून राखला आहे; त्यात पेंग्विन नाहीत.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेव्हा बहुतेकांना आठवला तो बर्फ. वास्तविक हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू व चिली देशांच्या किनाऱ्यावरचे. तेथे बर्फ नसतो. ते खडकांच्या कपारीत किंवा बिळे उकरून घरटी करतात. म्हणजे त्यांच्या निवासात थंड हवा आणि पाणी जितके हवे, तितकीच शिरून बसण्याजोगी जागाही हवी.

ही जागा का हवी, ते हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाच्या विचारांवरून कळते. रानटी प्राणी शत्रूला ठरावीक अंतरापर्यंतच जवळ येऊ देतो. त्याहून जवळ आल्यास पळतो. हे झाले ‘पलायन-अंतर’. समजा, एखाद्या हरणाचे पलायन-अंतर १० मीटर आहे आणि त्याचे आवार वाटोळे असून भोवती सगळीकडे माणसे उभी आहेत. आवाराचा व्यास २० मीटरांपेक्षा कमी असेल, तर त्याला निर्धास्त उभे राहता येईल असा एकही बिंदू आत सापडणार नाही. कागदावर वर्तुळ काढून पाहा. माणसे एकाच बाजूला ठेवली, तर त्याच जागेत केवढा फरक पडतो! माणसांची सवय झाली की हे अंतर घटते हे खरे. पण म्हणून प्राण्याला कोपराच द्यायचा नाही, हे मला पटत नाही.

हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक याने १९०७ साली गजांऐवजी खंदक असलेले प्राणिसंग्रहालय उघडले. मोठी सुधारणा खरीच; पण गज नाहीसे झाल्याने डोळे निवतात ते आपले! बिबट्याला उंचावर बसायला फळी, अस्वलाला उकरायला माती, आणि ऊन की सावली हे ज्याचे त्याला ठरवण्याची मुभा, या गोष्टी खंदकाने मिळत नाहीत.

शिक्षक विचारतील, ‘मग मुलांनी पाहायचे काय?’ माझे उत्तर असे की, दहा पिंजऱ्यांसमोरून धावण्याऐवजी एकाच आवारासमोर अर्धा तास बसवावे. घड्याळ व वही घ्या. प्राणी काय करीत आहे, हे दर मिनिटाला लिहा: चालतो, उकरतो, झोपतो, एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालतो. झुडपामागे गेला, तर ‘दिसत नाही’ असे लिहा. मग तसेच एकदा सुट्टीच्या दिवशी, गर्दी असताना बसा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवा.